लोधिवलीतले दोन घसे

लोधिवलीच्या धनेशचा घसा बुधवारी बसला आणि त्याच रविवारी ग्रामचषकाची फायनल होती.

तसा धनेश रसायनीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा, पण तिथला धनेश कुणाच्या फारसा लक्षात राहत नसे. खरा धनेश माइकवरचा. थंडीत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या की पळसदरीपासून चौकपर्यंतचे आयोजक आधी त्याची तारीख घेत आणि मग मैदानाची. कुणी चेंडू लांब टोलवला की धनेश ओरडे, "चेंडू निघाला पाताळगंगेला! कुणी आंघोळीला गेलं आसंल तर येताना घेऊन या रं!" षटकार मारणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त शिट्ट्या पडत.

त्या सकाळी त्याच माणसाच्या तोंडून 'चहा' एवढा शब्दसुद्धा सरळ निघेना. निघाला तो गंजलेल्या बिजागरीसारखा नुसता कुईं आवाज. पाठोपाठ शिंकांची माळ, खोकल्याची उबळ, आणि नळ सुटावा तसं नाक.

"आये," तो कसाबसा कुजबुजला, "माजा घसा गेला."

त्याची आई इंदूबाई परसात भांडी घासत होत्या. त्या साबणाच्या हातानंच आत धावल्या. दुपारपर्यंत हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, अडुळशाचा काढा झाला. शेकायला ओव्याची पुरचुंडी झाली. घसा काही उठेना.

मग धनेशनं मोबाइलचा टॉर्च लावून आरशात स्वतःचा घसा बघितला. जन्मात पहिल्यांदाच बघत असल्यामुळं आत जे जे होतं ते सगळंच त्याला भयंकर वाटलं. मागं लोंबणारी पडजीभ तर कालपरवाच उगवली असणार, असं त्याचं ठाम मत झालं. त्यानं फोटो काढून स्पर्धा कमिटीच्या ग्रुपवर टाकला.

पहिलं उत्तर आलं, "पिच वलं हाय. रोलर फिरवा."

दुसरं आलं, "हे कुठलं ग्राउंड?"

फोटो घशाचा आहे हे एकट्या पदूला कळलं. पदू टेंपो चालवायचा आणि कमिटीचा अध्यक्षही होता. गुरुवारी संध्याकाळी तो खिशात तीन गोळ्या घेऊन हजर झाला.

"अँटिबायोटिक हाय," तो म्हणाला. "माजी दाढ सुजली तवा डॉक्टरनं दिल्ती. दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून ह्या उरल्या. घे. तुला बॅक्टेरिया झालाय."

"सर्दी नाय?" धनेशनं खुणेनं विचारलं. म्हणजे नाकाकडं बोट केलं.

"सर्दी कुणालाबी होते रं. येवढा मोठा आवाज जायचा म्हंजी बॅक्टेरियाच पायजे."

धनेशला ते पटलं. साध्या सर्दीनं आपला आवाज न्यावा यात त्याला जरा अपमान वाटत होता. बॅक्टेरिया म्हटल्यावर आजाराला वजन आलं. त्यानं एक गोळी तिथंच गिळली.

एरवी अशा वेळी नम्रता मधे पडली असती. नम्रता म्हणजे धनेशची बायको, गावातल्या अंगणवाडीची सेविका. माइकचा उपयोग काय, हे तिला कधी कळलंच नव्हतं, कारण तिला लागतच नसे. अंगणवाडीच्या ओट्यावरून तिनं हाक मारली की हायवेपलीकडचं पोरगं चड्डी सावरत यायचं. सकाळी चुलीपाशी सुरू झालेलं तिचं बोलणं रात्री दिवा मालवला तरी अंधारात थोडा वेळ चालू राही. दुसऱ्याच्या दाढेची गोळी नवऱ्यानं खाल्ली, यावर ती निदान आठवडाभर बोलली असती.

पण ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती बघत राहिली आणि आत गेली.

"वयनी काय बोलल्या नाय," पदू जरा घाबरून म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला.

घरात एक नवीनच शांतता पसरली. धनेशला आधी वाटलं, आपला आवाज गेला म्हणून बायको मान राखून गप्प आहे. त्याला भरून आलं. तो बसल्याजागी पंचाच्या खुणा करून मागण्या करू लागला. दोन्ही हात वर म्हणजे जेवण वाढ, एक हात आडवा हलवला म्हणजे चहा, दोन्ही हात पसरले म्हणजे नको. इंदूबाई लवकर शिकल्या. फक्त एकदा शिंक येणार म्हणून तो बोट वर करून थांबला, तेव्हा त्यांनी 'आऊट' समजून समोरचं ताट उचललं. नम्रता मात्र सांगेल ते न बोलता करत होती. स्वतः जेवायला बसली की दोन घास चिवडून उठत होती.

शुक्रवारी सकाळी इंदूबाईंनी लेकाला कोपऱ्यात घेतलं. "काय केलंस रं तू? कालपास्नं तिनं तोंडातून अक्षर काढलं नाय. इतका राग लग्नापास्नं बगितला नाय मी."

राग! हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो आठवू लागला, आणि आठवू लागल्यावर बरंच आठवलं. त्यानं मोबाइलवर टाइप केलं आणि भाजी निवडत बसलेल्या नम्रतापुढं धरलं: 'लोणच्यात मीठ जास्त झालंय असं आईला मीच सांगितलं होतं.'

नम्रतानं वाचलं, डोळे मिटले आणि मोठ्या कष्टानं आवंढा गिळला.

एवढ्यावर भागणार नाही, हे धनेशनं ओळखलं. त्यानं पुन्हा टाइप केलं: 'तुझ्या भावानं दिलेला नवा कुकर हरवला नाही. मागच्या वर्षी बक्षिसाची ढाल यायला उशीर झाला, तेव्हा मी तो मॅन ऑफ द मॅच म्हणून देऊन टाकला.'

नम्रतानं हे दोनदा वाचलं. मग कपाळाला हात लावून ती भिंतीला टेकली.

कुकर लागला, असं धनेशला वाटलं. तिचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं, हे त्याला कळायला हात लावायला हवा होता, आणि रागावलेल्या बायकोला हात लावायची त्याची छाती नव्हती.

इंदूबाईंनी आपल्या बाजूनंही आघाडी उघडली. "मी तुज्या आयेला फोनवर जरा वाकडं बोलले व्हते गं," त्या सुनेशेजारी बसून म्हणाल्या. "मनात ठेवू नको." नम्रतानं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे इंदूबाईंना कळलं नाही, म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी कबूल केल्या.

संध्याकाळी धनेशचा खोकला वाढला आणि पदूचे फोनवर फोन येऊ लागले, तेव्हा चौकला डॉक्टरकडं जायचं ठरलं. धनेशला बोलता येत नाही म्हणून सांगायला नम्रता हवी. नम्रता बोलत नाही म्हणून सांगायला इंदूबाई हव्यात. तिघं रिक्षात बसून निघाली.

चौकच्या बाजारात मसाल्याचं दुकान असलेल्या हारूनभाईंची मुलगी अनम डॉक्टर होऊन आली होती आणि दुकानाच्या वरच तिचा दवाखाना होता. वर जाईपर्यंत मिरचीच्या वासानं धनेश एवढा शिंकला, की त्याचा नंबर यायच्या आधीच डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं.

"काय होतंय?" डॉक्टर अनमनं विचारलं.

धनेशनं घशाकडं बोट दाखवून मग ते बोट वर केलं. आऊट. डॉक्टरांनी नम्रताकडं बघितलं. नम्रतानं सासूकडं बघितलं.

"डॉक्टरीणबाई," इंदूबाई म्हणाल्या, "ह्याचा आवाज गेलाय आनि तिला राग आलाय."

"रागावर माझ्याकडं औषध नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या. "आवाजाचं बघू. आ करा."

धनेशनं असा आ केला की कमिटीतला कुणी असता तर रोलर घेऊन आला असता. डॉक्टरांनी टॉर्च मारला, मान चाचपली, छाती तपासली, ताप बघितला. ताप नव्हता.

"आधी काय झालं? शिंका, नाक, मग खोकला, मग आवाज बसला. असंच ना?"

धनेशनं मान हलवली.

"ही सर्दी आहे. व्हायरसची. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा, वाफ घ्या, आणि मुख्य म्हणजे आवाजाला विश्रांती द्या. कुजबुजूसुद्धा नका. आपोआप बरं होईल."

धनेशचा चेहरा पडला. त्यानं खिशातून पदूच्या उरलेल्या दोन गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मोबाइलवर लिहिलं: 'बॅक्टेरिया नाही?'

डॉक्टरांनी गोळ्या बघितल्या आणि त्यांचं हसू गेलं. "ह्या कुणाच्या?"

"पदूच्या दाढंच्या," इंदूबाईंनी सांगितलं.

"अँटिबायोटिक बॅक्टेरिया मारतं. व्हायरसला ते काहीच करत नाही. त्यांनी दाढेचा कोर्स अर्धा सोडला ते चुकीचं, आणि तुम्ही सर्दीला त्यांच्या गोळ्या खाल्ल्या ते त्याहून चुकीचं. अशानं पुढं खरंच गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही." त्यांनी गोळ्या आपल्या ड्रॉवरमध्ये टाकल्या.

चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांची नजर नम्रताकडं गेली. ती फेब्रुवारीच्या संध्याकाळी स्वेटरवर शाल घेऊन बसली होती. तेवढ्यात तिनं आवंढा गिळला आणि तिचे डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, गिळताना दुखतंय?"

नम्रतानं मान हलवली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कधीपासून? एकदम सुरू झालं?"

"काल." शब्द खूप लांबून आल्यासारखा आला. घरातल्या दोघांनीही दचकून तिच्याकडं बघितलं.

"खोकला आहे?"

नाही.

"नाक वाहतंय? शिंका?"

नाही.

डॉक्टर उठून तिच्याजवळ आल्या. जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी बोटं दाबली, तशी नम्रता कळवळली. थर्मामीटर लावला. चांगलाच ताप होता. "आ करा," म्हणून त्यांनी टॉर्च मारला आणि धनेशला जवळ बोलावलं.

"बघा. तुमचा घसा नुसता लालसर होता. इथं दोन्ही बाजूंचे टॉन्सिल सुजलेत, आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके दिसतायत? दह्याचे कण चिकटावेत तसे?"

धनेशला दिसले. घशात काय काय असतं, याचा त्याला या आठवड्यात बराच सराव झाला होता. पण असं काही त्याच्या फोटोत नव्हतं. त्याचा हात आपोआप बायकोच्या कपाळाकडं गेला, आणि चटका बसल्यासारखा तो तसाच उभा राहिला.

"तुम्ही शोधत होता तो बॅक्टेरिया बहुतेक इथं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नाक गळतं, खोकला येतो, आवाज बसतो, तो घसा बहुधा व्हायरसचा. ह्याचं उलट असतं. एकदम ताप, गिळताना असह्य दुखणं, मानेत सुजलेल्या गाठी, आणि खोकला नाही. नुसतं बघून पक्कं सांगता येत नाही, म्हणून घशातला नमुना घेऊन लॅबला पाठवते. पण लक्षणं सगळी जुळतायत, ताप वाढतोय, तेव्हा औषध आजच सुरू करू. पेनिसिलीननं कधी पुरळ, सूज, धाप असं काही झालंय?"

नम्रतानं नाही म्हटलं.

"म्हंजी तिला राग नव्हता?" इंदूबाईंनी विचारलं.

"बोलवत नव्हतं त्यांना."

इंदूबाई स्टुलावर बसल्या. "आनि मी उगीच सगळं सांगून बसले," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

डॉक्टरांनी नम्रताच्या घशातून कापसाच्या काडीनं नमुना घेतला आणि कामाचं विचारलं. अंगणवाडी म्हटल्यावर त्या गंभीर झाल्या. "तिथूनच आलं असेल. कुणी मूल तापानं घरी आहे का, चौकशी करा. मुलांमध्ये हे तसंच सोडलं तर कधीकधी पुढं सांधे धरतात, हृदयाच्या झडपा खराब होतात. तुम्ही निदान औषधाचा पहिला दिवस उलटून ताप उतरेपर्यंत मुलांत जायचं नाही. पेला, ताट वेगळं. आणि कोर्स दहा दिवसांचा. तीन दिवसांत बरं वाटेल, तरी एकही गोळी सोडायची नाही. उरवून पदूला द्यायची नाही."

परतताना रिक्षात धनेश बायकोशेजारी बसला. कुजबुजायचीही बंदी असल्यामुळं त्याला काही म्हणता येईना. त्यानं नुसती तिची शाल सारखी केली. एकदा केली, मग पुन्हा केली, मग तिनंच त्याचा हात बाजूला केला.

शनिवारी धनेशनं घर हातात घेतलं. तांदळाची मऊ पेज केली. पहिली करपली, दुसरी जमली. गुळण्यांसाठी एकाच पातेल्यात पाणी गरम करून नवराबायको परसात दोन टोकांना उभी राहून गुळण्या करू लागली. त्यांचा आवाज ऐकून शेजारचा कोंबडा उत्तर देऊ लागला.

पदूचा फोन आला. स्पीकरवर टाकला.

"उद्या येतोस ना रं? माइक चांगला आनलाय. नुसतं कुजबुजलास तरी खोपोलीपर्यंत जाईल."

धनेशनं आईकडं बघून दोन्ही हात पसरले.

"वाइड," इंदूबाईंनी फोनमध्ये सांगितलं. "तो येनार नाय. सुनंचा घसा धरलाय. तो तिच्यापाशी हाय."

रविवारी दुपारी फायनल सुरू झाली. मैदान घरापासून दोन शेतं पलीकडं, त्यामुळं कर्ण्याचा शब्द न् शब्द ओटीवर ऐकू येत होता. नम्रताचा ताप उतरला होता, ती उशीला टेकून बसली होती. धनेश दारात उभा राहून कान टवकारून ऐकत होता. दुसरं कुणी तयार न झाल्यामुळं माइक पदूनंच घेतला होता.

"बॉलर पळतोय," कर्ण्यातून पदूचा आवाज आला. "पळतोय. अजून पळतोय. थांबला. का थांबला रं? बरं, बुटाची लेस सुटली."

धनेशनं कपाळावर हात मारला.

"आता टाकला. मारला! बॉल वर गेला. कुठं गेला? कुनाला दिसला का? माज्या डोळ्यात ऊन येतंय. सरपंच, तुमची गाडी बाजूला घ्या. आऊट झाला वाटतं. नाय झाला. जेवनाच्या पंगतीला पैल्यांदा पाव्हने बसतील."

नम्रता एका हातानं घसा धरून हसू लागली. दुखत होतं तरी तिला हसू आवरेना. "बाई गं, हसवू नका," ती म्हणाली, आणि तीन दिवसांनी घरात तिचं पहिलं अख्खं वाक्य ऐकू आलं. धनेशनं मागं वळून बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती.

"आनि कुकर कुणाला दिला?" तिनं विचारलं.

धनेशनं आवाजाच्या विश्रांतीचं कारण दाखवायला गळ्याला हात लावला. पण त्याच वेळी कर्णा पुन्हा खरखरला.

"आपले लाडके समालोचक धनेशभाऊ का आले नाय, असं लोक विचारतात. तर धनेशभाऊंचा घसा वयनींनी धरलाय, आनि त्या सोडंनात. तरी सर्वांनी शांतता राखावी."

मैदानावर हसण्याचा जो लोट उठला, तो दोन शेतं ओलांडून घरात आला. जरा वेळानं दारात जनाकाकू उभ्या. गावात कुणाचं भांडण मिटवायचं असलं की जनाकाकूंनाच बोलावत, आणि नाही बोलावलं तरी त्या येत.

"सोड गं त्याला, पोरी," त्या उंबऱ्यावरच बसत म्हणाल्या. "पुरुषमाणूस हाय. चुकतो."

"अवो काकू, कुणी कुणाला धरलं नाय," नम्रता हळू म्हणाली. पुढचं बोलायला तिला जोर नव्हता.

मग धनेशनं डॉक्टरांचा हुकूम मोडला. आवाज फाटका होता, शब्द अर्धे हवेत विरत होते, पण इतक्या दिवसांनी समोर ऐकणारं माणूस बसलं होतं. त्यानं जनाकाकूंना सगळं सांगितलं: आपला खोकला नि नाक, तिचा न बोलता आलेला ताप, मानेतल्या गाठी, टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके. "आमी समदे माज्याकडं बघत बसलो," तो म्हणाला. "मी वरडत होतो ना. ती गप होती."

जनाकाकूंना एवढी माहिती नको होती. त्या उठायच्या बेतात होत्या, पण अर्ध्यातच थांबल्या.

"आमची चिमी," त्या म्हणाल्या. "परवापास्नं जेवत नाय. अंग तापलंय. पोटात दुखतं म्हनते. खोकला काय नाय, म्हणून आमी म्हटलं, दाढ येत आसंल."

चिमी म्हणजे जनाकाकूंची अंगणवाडीत जाणारी पाच वर्षांची नात. नम्रता शाल टाकून उठूनच बसली. "तिला गिळताना दुखतंय का विचारलं?"

"पानीपन सांडते तोंडातलं. मी रागावले तिला."

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच धनेश पदूच्या टेंपोतून जनाकाकूंना आणि चिमीला घेऊन चौकला पोहोचला. जेमतेम निघणाऱ्या आवाजात त्यानं डॉक्टरांना सांगितलं, "मॅडम, खोकला नाय, नाक नाय, ताप हाय, गिळता येत नाय." डॉक्टर अनमनं चिमीचा घसा बघितला आणि लगेच कापसाची काडी घेतली. नम्रताचा रिपोर्टही आला होता. बॅक्टेरियाच होता. पुढं चिमीचाही तोच निघाला, आणि वेळेत कळलं म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाल्या. जनाकाकूंनी नातीची पाठ अशी थोपटली की ती स्टुलावरून पडता पडता वाचली. टेंपोत बसून राहिलेल्या पदूला डॉक्टरांनी खिडकीतून हाक मारून दाढेबद्दल जे सुनावलं, ते खालच्या मसाल्याच्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं.

नम्रताचा आवाज आठवड्याभरात पुरता परतला. साठलेलं सगळं तिनं दोन दिवसांत बोलून टाकलं. त्यात कुकरला बराच वेळ मिळाला. बरं वाटल्यावर तिला गोळ्यांचा कंटाळा आला, तेव्हा धनेश पेला घेऊन समोर बसू लागला. ती गिळेपर्यंत उठत नसे.

अंगणवाडी पुन्हा सुरू झाल्यावर तिनं एक नेम घातला. सकाळी प्रार्थनेनंतर पोरांनी ओळीनं उभं राहायचं, गिळायला दुखतंय का ते सांगायचं, आणि आ करायचा. पोरांना प्रार्थनेपेक्षा हे फार आवडलं. चिमी पहिली उभी राही आणि सर्वांत मोठा आ करी.

महिनाअखेरीला तालुक्याहून पर्यवेक्षिकाबाई अचानक तपासणीला आल्या. नम्रता पोषण आहाराच्या डब्यांपाशी होती. बाईंनी दारात चपला काढल्या, चष्मा पुसला आणि प्रेमानं म्हणाल्या, "काय रे बाळांनो, ओळखलंत का मला?"

सगळी पोरं भराभर उठली, ओळीत उभी राहिली, माना वर केल्या आणि एका सुरात म्हणाली, "आऽऽऽ!"